घरासाठी पॅकेज जाहीर करताना

कोविडात गेलेली नोकरी परत मिळाली, पण पगार जुना नाही? वीस तारखेलाच पाकीट हलकं होतं? घाबरू नका. देशानं जे केलं तेच घरात करा.

आधी पॅकेज जाहीर करा. रात्री आठची वेळ उत्तम. १२ मे २०२० ला २० लाख कोटींचं पॅकेज आपल्याला आठलाच कळलं होतं. पॅकेज म्हणजे पैसे द्यायचे, असा मात्र गैरसमज नको. मुलीची फी भरायची आहे? तिला सांगा, "बाळा, तू कर्ज काढ, मी हमी देतो." छोट्या उद्योगांसाठीचे ३ लाख कोटी असेच होते: कर्ज बँकेचं, हमी सरकारची. बेरीज कमी भरली तर सासूबाईंनी गुढीपाडव्याला दिलेले पैसेही त्यात धरा. रिझर्व्ह बँकेनं आधी जाहीर केलेले उपायसुद्धा त्या २० लाख कोटींत मोजले होतेच की.

मग वाढ दाखवा. हे आमच्या दादरच्या वडापाववाल्याला अजून जमलेलं नाही. पूर्वी तो दिवसाला चारशे वडे विकायचा. लोकलची गर्दी आटली तसे तीनशेवर आला, आता तीनशे साठ जातात. मी त्याला म्हटलं, "अरे, वीस टक्के वाढ!" त्यानं झारा कढईच्या काठावर आपटला. म्हणाला, "पाव मी अजून चाळीस कमीच घेतो." अडाणीपणा, दुसरं काय! एप्रिल ते जून २०२० मध्ये देशाचं उत्पन्न सुमारे २४ टक्क्यांनी घसरलं, पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढलं आणि आपण टाळ्या वाजवल्या. खड्ड्यातून वर येणाऱ्यानं खड्डा मोजायचा नसतो. वडापाववाल्याला फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी योजनेतून १०,००० रुपये मिळाले होते. तेही कर्जच, वर्षभरात फेडायचं.

डोंबिवलीत फ्लॅट असेल तर तुम्ही खरे भाग्यवान. मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के असलेला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. पण बँका कनवाळू. हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवून देतात. रिटायर झाल्यावर आता काय करू, ही काळजी मिटली.

राहिली महागाई. ती सलग तीन तिमाह्या ठरलेल्या ६ टक्क्यांच्या मर्यादेच्या वर राहिली, म्हणून कायद्याप्रमाणे नोव्हेंबर २०२२ मध्ये फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेला सरकारकडे लेखी खुलासा द्यावा लागला. तो जनतेला दाखवला नाही. तुम्हीही असंच करा. डाळ, तेल, सिलिंडर का आवरले नाहीत, याचं सविस्तर पत्र वडिलांच्या नावे लिहा, पाकीट चिकटवा. बाजारात जाणाऱ्या माणसाला ते दाखवायचं नाही, एवढं पथ्य पाळा.

आमच्या घरात ते पाकीट गोदरेजच्या कपाटावर असतं. परवा उलटून पाहिलं तर मागच्या कोऱ्या बाजूवर बायकोच्या अक्षरात दूध, गॅस आणि वाण्याची बाकी मांडलेली होती. बेरीज तिनं केली नव्हती.