तिळाच्या वडीवरून पेटंट ठरत नसतं राव

कुपवाड एमआयडीसीच्या ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरतोय. नॉनवोव्हनच्या, म्हणजे न विणता केलेल्या कापडाच्या, चिकट धाग्यांवर पावडर धरवायची याला पेटंट मिळूच शकत नाही, आपल्या आज्या पाकात तीळ घालून वड्या करतच होत्या. आणि खाली लगेच, अमेरिकेत कुणाचं पेटंट असलं तर ते आपल्यालाही लागू, तेव्हा असला माल बनवायची लाईन टाकू नका. आता यातलं एक काय ते ठरवा की!

मिळूच शकत नाही म्हणे. थ्रीएम या अमेरिकन कंपनीला १९७६ सालीच अमेरिकेत मिळालंय, नंबर ३९७१३७३, मेल्टब्लोन, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक गरम हवेनं फुंकून काढलेल्या बारीक धाग्यांच्या जाळीत कण धरून ठेवायचं, मास्कबिस्कसाठी. मुदत कधीच संपली, म्हणजे त्यातलं आता कुणीही वापरा.

राहिली वडी. तीळ पाकात अख्खा बुडाला तरी चालतंय, पण आपली पावडर, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, वास ओढणारा कोळसा, बुडला की मेला, त्याचं सगळं काम बारीक छिद्रांत, ती बुजली तर वास ओढणार कोण? म्हणून बायकॉम्पोनंट फायबर घेतात, आत पॉलिस्टर जे २५० डिग्रीच्या वर वितळतं आणि बाहेरून पॉलिथिलीनची साल, ती १३० च्या आसपासच मऊ पडते, मग कण जिथं टेकला तेवढ्याच ठिपक्यावर चिकटतो आणि बाकी उघडा राहतो. ओव्हन कमी तापला तर रोल उलगडताना कार्बन भुरुभुरु गळतो, हात काळे, जास्त तापला तर साल वितळून कणावरच पसरते. पेटंट मागतात ते या मधल्या भानगडीवर काढलेल्या नव्या तोडग्याचं, चिकटवण्याचं नाही.

हां, एवढं मात्र खरं की आपल्या १९७० च्या कायद्यात नुसतं नवीन असून भागत नाही, त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचेल असं नसावं लागतं. कार्बन काढून झिओलाइट, म्हणजे तसलीच बारीक छिद्रांची दुसरी पावडर, टाकली, बाकी सगळं तेच, असला अर्ज टिकणं अवघड.

अमेरिकेचं पेटंट इथं चालत नाही, विषय संपला. इथं अर्ज करून इथं मंजूर झालं असेल तरच अडचण, तेही अर्जापासून २० वर्षं. फक्त माल अमेरिकेला पाठवणार असाल तर तिथलं आडवं येतं, अगदी नुसत्या प्रोसेसचं असलं आणि माल कुपवाडात बनला असला तरी.

आणि इथं कुणी जुनंच काम नवं म्हणून अर्ज टाकला असेल तर तो पब्लिश झाल्यावर, मंजूर व्हायच्या आधी, त्याच कायद्याच्या कलम २५(१) खाली कुणालाही लेखी हरकत घेता येते. जुना छापील कॅटलॉग, तारखेसकट, असला कागद लावा सोबत.