सोलापुरात फॅसिझम कसा रोखावा

फॅसिझम रोखायला सोलापुरात येताय? या की! फक्त एप्रिल-मे टाळा. त्या उन्हात इथं म्हशीही सभेला थांबत नाहीत.

आल्या आल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी फोटो काढा. 1930च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, गाव पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. पुढं 12 जानेवारी 1931ला धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. फोटोखाली एवढं लिहिलं तरी पुष्कळ. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत उठबस करायचे, हे काढू नका. मग तुम्हालाही तशी उठबस करावी लागेल, आणि तुमचं तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन झालेलं असणार.

मग विडी कामगारांच्या वस्तीत जा. अक्का दारात मांडीवर सूप घेऊन बसलेली असेल. रात्री भिजवलेलं पान पत्र्याच्या मापानं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळी, दोरा. बोटं थांबत नाहीत. हजार वळल्या तर हजाराचे पैसे, पण कारखान्यात नेल्यावर त्यातल्या मूठभर छाट म्हणून बाजूला पडतात. त्यांचे पैसे नाहीत. तुम्ही समोर उभे राहून (बसू नका, पँट मळते) 'सांस्कृतिक वर्चस्ववाद' समजावून सांगा. ती घरात तेलुगू बोलते, शेजारीण कन्नड, पलीकडची उर्दू, याचा अजिबात विचार करू नका. पुस्तकी मराठी सगळ्यांना सारखीच कळत नाही, म्हणजे समता आपोआप साधते.

ती मध्येच विचारेल, "सार, आधारवर नाव येगळं, पीएफच्या कागदावर येगळं, ते कुठं बदलतात वो?" इथं घसरू नका. तो अर्थवाद, म्हणजे क्रांती सोडून नुसत्या पैशापाण्याच्या मागण्यांत अडकणं. "व्यवस्थाच बदलली पाहिजे, अक्का," असं म्हणून पुढच्या दाराकडं वळा.

कुणी रे नगर या कामगार वसाहतीचा विषय काढला तर सांभाळून. माकपचे आडम मास्तर तीनदा आमदार झाले. सोलापूरजवळच्या कुंभारीत आधी कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायांची 10 हजार घरं, मग 30 हजारांचं रे नगर. मोर्चे, अर्ज, हेलपाटे, पुन्हा मोर्चे. आणि 19 जानेवारी 2024ला त्यातल्या 15 हजार घरांच्या किल्ल्या द्यायला कोण आलं? नरेंद्र मोदी. लाल बावट्याच्या वसाहतीत! हसावं की रडावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. बायांना मात्र दाराला कडी लावता आली. तुम्ही यावर 'सामीलीकरणाचे अंतर्विरोध' असा लेख लिहा. एका घरामागं किती कागद लागले, हे मात्र कुणाला विचारू नका. उत्तर लांबतं.

संध्याकाळी अभ्यासवर्गाला पाचजण येतील. पैकी तिघं तुमच्याच गाडीतून आलेले. तासाभरात फूट पाडून दोन गट करा, परंपरा मोडू नका.

इकडं अक्काच्या दारात मंडळाचा पोरगा येऊन बसलेला असेल. कपाळाला टिळा, हातात मोबाईल, मांडी घालून खाली. "आत्या, आधार आण, फॉर्म मी भरतो. ओटीपी आला की सांग." फॉर्म भरून होईपर्यंत गप्पा होतात. गल्लीतल्या पलीकडच्या लोकांबद्दल तो काय काय सांगतो. अक्का विड्या वळत ऐकते. कधी नव्हे ते कुणीतरी तिच्या शेजारी जमिनीवर बसलेलं असतं.