तीन टिक काढल्या, तरी दोन फाइली अडलेल्याच

नमस्कार,

'मेलसोबत आलेली फाइल उघडत नसेल तर' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. आक्षेप थोडक्यात असे: 'आधी फाइल सेव्ह करा, एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी डॉटनंतर येणारी अक्षरं) पाहा, साइझ पाहा' यातच अर्धा लेख खर्ची पडला. ट्रस्ट सेंटर या सुरक्षेच्या सेटिंग्जमधल्या प्रोटेक्टेड व्ह्यूच्या तीन टिक काढल्या की वर्डची फाइल उघडते, हे एका ओळीत सांगता आलं असतं. आणि दोष उगाच पाठवणाऱ्याच्या माथी मारला आहे. शेवटी तुम्ही हेही लिहिलंय की टिक काढूनसुद्धा दोन फाइली अडलेल्याच आहेत. रोज एकाच नावाने येणारा एक्सेल अहवाल उघडताना आउटलुक 'कान्ट क्रिएट फाइल' म्हणतं, आणि एका पीडीएफ फॉर्ममध्ये 'प्लीज वेट'शिवाय काहीच दिसत नाही.

'कान्ट क्रिएट फाइल'चा उल्लेख लेखात यायलाच हवा होता, तो राहिला. ती चूक मान्य. पण तुमच्याच तीन फाइली शेजारी शेजारी ठेवून पाहा. तक्रार एकच, 'उघडत नाही'. पहिली विंडोजने लावलेल्या शिक्क्यामुळे अडली, दुसरी आउटलुकच्या तात्पुरत्या फोल्डरमुळे, तिसरी चुकीच्या प्रोग्रॅममुळे. फाइल आधी सेव्ह करून पाहायला सांगितलं ते एवढ्याचसाठी. डेस्कटॉपवर सेव्ह केलेली प्रत उघडली आणि मेलमधून डबल क्लिक केलेली उघडली नाही, तर फाइल चांगली आहे आणि घोळ आउटलुकचा आहे. दोन्हीकडून उघडली नाही, तर आउटलुकच्या सेटिंगमध्ये हात घालायचं कारणच नाही.

आता त्या तीन टिक. मेलमधून किंवा ब्राउझरमधून आलेली फाइल सेव्ह होताना विंडोज तिला 'ही इंटरनेटवरून आली' अशी लपलेली खूण जोडतं. ती खूण दिसली की वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, बंदिस्त खोलीत उघडतात. कधी कधी ही बंदिस्त खोलीच नीट चालू होत नाही. मग वर्ड 'फाइल उघडताना अडचण आली' म्हणून परवानग्या तपासायला, मेमरी आणि डिस्कवरची जागा पाहायला सांगतं. तो संदेश वाचून लोक डिस्क साफ करत बसतात, आणि डिस्कचा त्यात बहुतेक वेळा काही दोष नसतो. टिक काढल्या की खोलीच बंद होते, म्हणून फाइल उघडते. तुमचं निरीक्षण खरं आहे. पण त्यानंतर अनोळखी पत्त्यावरून आलेलं बनावट बिलसुद्धा तितक्याच सहज उघडतं, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रोज येणाऱ्या मेलमध्ये नेमकी तीच जात जास्त असते.

त्यापेक्षा एका फाइलीपुरता उपाय करा. फाइल सेव्ह करा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅब. अगदी तळाशी सिक्युरिटीच्या ओळीत 'अनब्लॉक' असा चौकोन दिसेल. त्यात टिक करून अप्लाय दाबा. पाठवणारा ओळखीचा असेल आणि फाइल येणार हे आधीपासून माहीत असेल तरच. झिप आली असेल तर अनब्लॉक झिपलाच करा आणि मग एक्स्ट्रॅक्ट करा. उलट क्रमाने केलंत तर विंडोज आतल्या प्रत्येक फाइलीला तीच खूण लावतं आणि चाळीस फाइली एकेक करून सोडवाव्या लागतात. 'पेनड्राइव्हवर टाकून परत घेतली की उघडते' हा अनेक ऑफिसांत चालणारा तोडगाही यातूनच आलाय. ही खूण एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच टिकते. फॅट32 किंवा एक्सफॅट या पद्धतींच्या पेनड्राइव्हवर ती गळून पडते. पेनड्राइव्हमध्ये जादू काही नाही, फक्त शिक्का पुसला जातो. आणि मॅक्रो, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असलेल्या एक्सेलवर वर लाल पट्टी येत असेल तर तुमच्या तीन टिकांचा तिथे काही उपयोग नाही. इंटरनेटवरून आलेले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट ऑफिस 2022 सालापासून आपणहून अडवतं, आणि ती व्यवस्था प्रोटेक्टेड व्ह्यूपेक्षा वेगळी आहे.

रोजच्या अहवालाकडे येऊ. क्लासिक, म्हणजे कॉम्प्युटरवर बसवलेल्या जुन्या आउटलुकमध्ये मेलमधूनच डबल क्लिक केलं की ते फाइलची एक प्रत स्वतःच्या लपवलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि तिथून एक्सेलला देतं. त्याच नावाची प्रत आधीच असेल तर नावापुढे कंसात आकडा लावतं. एरवी फाइल बंद केली की प्रत पुसली जाते. पण एक्सेल उघडं असतानाच मेल किंवा आउटलुक बंद केलं, किंवा आउटलुक मधेच कोसळलं, की प्रत तिथेच राहते. एकाच नावाचा अहवाल रोज येत असेल तर अशा प्रती साचत जातात, आकडा 99 पर्यंत पोहोचतो आणि पुढचं नाव बनवता येत नाही. म्हणून 'फाइल तयार करता येत नाही'. संदेशात परवानग्या तपासायला सांगितलेलं असतं, तिकडे जाऊ नका.

हे फोल्डर तुमच्या यूजर फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, आयनेटकॅश, कंटेंट डॉट आउटलुक या वाटेवर असतं. क्लिक करत गेलात तर आयनेटकॅशमध्ये ते सहसा दिसत नाही. एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत पूर्ण पत्ता टाइप करून एंटर दाबा. आत विचित्र अक्षरांच्या नावाचं आणखी एक फोल्डर असेल, साठलेल्या प्रती त्यात आहेत. पण पुसण्याआधी एक काम करा. कोणी मेलमधूनच अहवाल उघडून त्यात आकडे भरले असतील आणि फक्त कंट्रोल-एस दाबलं असेल, तर ते भरलेलं काम याच फोल्डरमध्ये पडलेलं असतं, दुसरीकडे कुठेही नाही. फाइली तारखेने लावा, हव्या त्या बाहेर कॉपी करा, मग आउटलुक आणि एक्सेल दोन्ही बंद करून उरलेल्या पुसा. आणि यापुढे अहवाल आधी सेव्ह करून उघडायची सवय लावा, नाहीतर काही महिन्यांनी पुन्हा हेच करावं लागेल. पाठवणाऱ्याने नावात तारीख घातली तरी ही अडचण येणार नाही.

पीडीएफचं कारण अगदी वेगळं. 'प्लीज वेट' हे पानच मुळात त्या फाइलीत ठेवलेलं असतं, जिथे खरा फॉर्म उलगडत नाही तिथे दाखवायला. एक्सएफए नावाच्या जुन्या पद्धतीने बनवलेले असे भरायचे फॉर्म क्रोम आणि पीडीएफ दाखवणाऱ्या इतर बऱ्याच प्रोग्रॅमना वाचता येत नाहीत. पीडीएफच्या 2017 च्या प्रमाणकात, म्हणजे पीडीएफ 2.0 मध्ये, ही पद्धत कालबाह्य ठरवली आहे. तरी जुने फॉर्म अजून फिरतात. थांबून काही होणार नाही. फाइल सेव्ह करा, राइट क्लिक, 'ओपन विथ', ॲडोबी ॲक्रोबॅट रीडर, आणि तोही कॉम्प्युटरवर बसवलेला, मोबाइलवरचा नाही. उघडला तर फाइल चांगली होती. रीडर बसवलेला असूनही पीडीएफ ब्राउझरमध्येच जात असतील तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ॲप्सखाली डॉट पीडीएफसमोर रीडर निवडा.

पाठवणाऱ्यावर बोट ठेवल्याचा मुद्दा राहिला. तिथे मात्र मी माघार घेत नाही, कारण काही दोष घेणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर दुरुस्त होतच नाहीत. सेव्ह केलेली फाइल शून्य केबी दाखवते, किंवा पाठवणाऱ्याकडच्या आकड्यापेक्षा लहान आहे, तर ती पूर्ण आलेलीच नाही. 'विनमेल डॉट डॅट' आली, तर समोरच्याचं आउटलुक मेल रिच टेक्स्ट या स्वतःच्या खास प्रकारात पाठवतंय आणि खऱ्या फाइली त्या एका गाठोड्यात बांधल्या गेल्यात. त्याने फाइल, ऑप्शन्स, मेल इथे जाऊन मजकुराचा प्रकार एचटीएमएल करावा आणि मेल पुन्हा पाठवावा. एक्सेल 'फॉरमॅट आणि एक्स्टेन्शन जुळत नाही' म्हणत असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. खऱ्या एक्सएलएसएक्सची, म्हणजे आजच्या एक्सेल फाइलीची, सुरुवात पीके या दोन इंग्रजी अक्षरांनी होते, कारण ती आतून झिपच असते. पहिल्याच ओळीत एचटीएमएल किंवा टेबल दिसलं, तर कुठल्यातरी सॉफ्टवेअरने वेबपानाला एक्सएलएसचं नाव देऊन पाठवलंय. पाठवणारा ओळखीचा असेल तर 'येस' म्हणून उघडा आणि 'सेव्ह ॲज'ने खरी एक्सएलएसएक्स करा.

याला एक अपवाद आहे, आणि तो तुमच्या बाजूने जातो. पासवर्ड बरोबर असूनही झिप उघडत नसेल तर पाठवणाऱ्याचं सहसा काही चुकलेलं नसतं. त्याने एईएस नावाच्या एन्क्रिप्शन पद्धतीने कुलूप लावलेलं असतं, आणि विंडोजच्या स्वतःच्या झिप सोयीला ते अनेकदा उघडता येत नाही. सेव्हन-झिप या प्रोग्रॅमने उघडा.

त्या तीन टिक परत लावताना लक्षात ठेवा, वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट यांच्या सेटिंग्ज वेगवेगळ्या असतात. जिथे जिथे काढल्या असतील तिथे तिथे जाऊन फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, प्रोटेक्टेड व्ह्यू. तिथले चौकोन राखाडी दिसले आणि बदलता आले नाहीत, तर ते ऑफिसच्या आयटी विभागाने धोरणातून ठरवलेले आहेत, त्यांनाच सांगावं लागेल.