डायलिसिसमध्ये पांढऱ्या पेशी गाळल्या जात नाहीत

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: वडिलांच्या पांढऱ्या पेशी डायलिसिसआधी 6,800 होत्या, अर्ध्या तासाने 5,600 निघाल्या, म्हणजे मशीनने त्या गाळून टाकल्या. आणि ‘काउंट नॉर्मल असला तरी इन्फेक्शन असू शकतं’ असं माझ्या लेखात लिहून मी लोकांना उगाच घाबरवलं.

पेशी गाळल्या जाणं शक्यच नाही. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) साधारण 12 ते 15 मायक्रॉनचा आणि डायलायझरच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्याच्या, पडद्याची छिद्रं अवघ्या काही नॅनोमीटरची. खरं कारण वेगळं आहे. रक्त परक्या पडद्याला लागलं की कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं चेततात, न्यूट्रोफिल चिकट होतात आणि फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत थोडा वेळ अडकून बसतात. जुन्या, क्युप्रोफेनचा पडदा असलेल्या डायलायझरवर काउंट काही मिनिटांतच निम्म्याखाली जायचा आणि डायलिसिस संपेपर्यंत परत वर यायचा. आताच्या पॉलिसल्फोनच्या पडद्यावर ही घसरण बरीच कमी असते. म्हणून तपासणीसाठीचं रक्त डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच द्यायचं, सुईतून, सलाइन किंवा हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) जाण्यापूर्वी. हे मूळ लेखात यायला हवं होतं, तुमची ही तक्रार रास्त आहे.

दुसरा मुद्दा मात्र मी मागे घेणार नाही. किडनी बंद पडल्यावर साचणारे पदार्थ न्यूट्रोफिलची जंतू गिळण्या-मारण्याची ताकद कमी करतात आणि लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) तर संख्येनेही घटतात. हिपॅटायटिस बी ची लस या रुग्णांना दुप्पट, 40 मायक्रोग्रॅमची द्यावी लागते ती याचमुळे. रिपोर्टमध्ये नुसता एकूण आकडा पाहू नका, गुणाकार करा. एकूण 8,000 आणि न्यूट्रोफिल 88 टक्के, म्हणजे 7,040; लिम्फोसाइट 7 टक्के, म्हणजे फक्त 560. एकूण आकडा नॉर्मलच्या 4,000 ते 11,000 मध्येच बसतो, पण हा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायलाच हवा. स्टेरॉइड चालू असेल तर इन्फेक्शन नसतानाही काउंट चढतो, तेही सांगा.

नागपुरात मे महिन्यात अंग तापलं की घरचे ‘ऊन लागलं’ म्हणतात आणि पन्हं देऊन थांबतात. मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे फार धोक्याचं आहे. त्याला थंडी वाजून ताप आला, विशेषतः डायलिसिस सुरू असताना, तर काउंटच्या रिपोर्टची वाट पाहू नका. त्याच दिवशी डायलिसिस युनिट गाठा आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी ब्लड कल्चरचे (रक्तात जंतू आहेत का ते पाहणाऱ्या तपासणीचे) दोन संच घेतले का, ते विचारा.