एक इंच सरकली तर?

दर दोन-चार महिन्यांनी तोच फॉरवर्ड हात जोडलेल्या इमोजींसकट परत येतो: 'पृथ्वी सूर्याकडे एक इंच सरकली तर आपण जळून खाक, एक इंच लांब गेली तर गोठून ठार. सूर्याची ओढ आणि बाहेर फेकणारं बल तंतोतंत सारखं, म्हणून प्रत्येक ग्रह आपल्या वाटेवर. ग्रह एका रांगेत आले की हा तोल ढळतो.' कुणाच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. विज्ञानाच्या नावावर जे खपवलंय, त्याच्याशी आहे.

आधी तो इंच. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला 15 कोटी 21 लाखांवर. म्हणजे दरवर्षी 50 लाख किलोमीटर आत-बाहेर. आणि सूर्य सगळ्यात जवळ असतो तेव्हाच आपण कपाटातून स्वेटर काढतो, कारण ऋतू ठरतात ते पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे.

'तोला'चा घोळ मात्र पाठ्यपुस्तकापर्यंत जातो. दोन बलं खरंच एकमेकांना रद्द करत असती, तर पृथ्वी वळलीच नसती, सरळ रेषेत निघून गेली असती. ओढणारा आहे तो एकटा सूर्य. पृथ्वी एका सेकंदात जवळजवळ 30 किलोमीटर पुढे जाते आणि तेवढ्यात सूर्याकडे पडते साधारण 3 मिलिमीटर. ज्वारीच्या दाण्याएवढंही नाही! हे पडणं कधी थांबत नाही, आणि आडवा वेग इतका की ती दरवेळी सूर्याला चुकवते. जवळ आली की वेग वाढतो, तोच वेग तिला पुन्हा लांब नेतो. थोडा धक्का बसला तर कक्षा किंचित लांबट होईल, बस्स. सूर्याजवळ जाणं उलट महाकठीण: 2018 साली सोडलेल्या पार्कर यानाला वेग कमी करायला शुक्राला 7 वेळा गाठावं लागलं, तेव्हा कुठे ते डिसेंबर 2024 मध्ये सूर्याच्या पृष्ठभागापासून 61 लाख किलोमीटरवर पोचलं.

रांगेचं काय? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फेब्रुवारी 1962 ची अष्टग्रही आठवत असेल. मकर राशीत गर्दी, देशभर यज्ञ, जप. पृथ्वी जागची हलली नाही. गुरू सगळ्यात जड, तरी सूर्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढा, आणि आपल्यापासून किमान 58-59 कोटी किलोमीटर लांब.

एक गोष्ट फॉरवर्डवाल्याच्या बाजूने: ग्रह एकमेकांना ओढतात हे खरं. युरेनस हिशेबाबाहेर चालतोय हे पाहूनच 1846 मध्ये नेपच्यून सापडला. पण वाटा वेगळ्या राहिल्यात त्या कुणी इंच मोजून आखल्या म्हणून नव्हे. सुरुवातीच्या काळात ज्यांच्या वाटा एकमेकींत शिरत होत्या ते गोळे आदळून एक झाले, सूर्यात गेले किंवा बाहेर फेकले गेले. उरलेल्यांत ऐसपैस अंतर आहे. तेही कायमचं नाही. 2009 साली लास्कार आणि गास्टिनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी पुढच्या 500 कोटी वर्षांची गणितं संगणकावर अडीच हजार वेळा चालवली. सुमारे 1 टक्का वेळा बुधाची कक्षा भलतीच लांबट झाली, आणि एका गणितात तर शुक्र पृथ्वीवर येऊन आदळला, तोही 300 कोटींहून जास्त वर्षांनी.