देखणा, दोन किलोमीटरवर

रात्री साडेअकराला पलंगावर पालथं पडून पुरुषांनी पुरुष शोधायचं ते डेटिंग ॲप उघडलंत की पहिला नियम पाळा: ज्याचा चेहरा दिसत नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. तो खरा असण्याचा धोका असतो. बेळगावात खऱ्या माणसाला चेहरा लावणं परवडत नाही. आत्याच्या नणंदेचा मुलगाही त्याच ॲपवर असायचा. म्हणून तो किल्ला तलावावरचा सूर्यास्त लावतो, फार तर मान कापलेली छाती. चेहरा, दंड, दात असं सगळं उजेडात मांडून बसलेला एकच: "मराठा लाइट इन्फंट्री, सध्या कॅम्पात." जीव टाकायचा तो तिथंच.

व्हिडिओ कॉल मागू नका. "ड्युटीवर कॅमेरा चालत नाही" म्हणाला की संपलं. फोटो गूगल लेन्समध्येही टाकू नका. परदेशातल्या कुणा मॉडेलचा निघाला तर उगाच मन मोडतं. आपण सीमाभागातली माणसं. 1956 पासूनचे कागद ट्रंकेत जपलेत, 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा पडलाय, कुठलं गाव कुणाचं याचा पुरावा आपण झोपेतही मागू. एवढ्या एका बाबतीत तरी विश्रांती हवी की नको?

अंतर दाखवायची सेटिंग चालूच ठेवा. तीन वेगळ्या जागी उभं राहून कुणी तुमचं अंतर टिपलं, की तिन्ही वर्तुळं बरोबर तुमच्या घरावर छेदतात. शाळेतली भूमिती अखेर कुणाच्या तरी कामी आली.

भेटायला खडे बाजारातलं चहाचं हॉटेल अजिबात नको. तिथं ओळखीचे लोक असतात, म्हणजे साक्षीदार. तो म्हणेल त्या गावाबाहेरच्या लेआउटमध्ये जा, जिथं प्लॉट पडलेत पण दिवे अजून लागले नाहीत. निघताना मित्राला सांगायचं नाही, लोकेशन पाठवायचं नाही. तिथं एकाच्या जागी चौघं भेटतील, म्हणजे फायदाच की. मोबाइल हिसकावतील, व्हिडिओ काढतील आणि म्हणतील, "घरी पाठवू?" (हे दोन शब्द ज्यानं ऐकलेत त्याला पुढचं वाचायची गरज नाही. पोटात जो गोळा येतो तो आठवडाभर उतरत नाही. चाकूसुद्धा लागत नाही त्यांना.)

पैसे लगेच पाठवा. "व्हिडिओ डिलीट करतो" म्हणाला म्हणजे करणारच. पुढच्या महिन्यात तोच व्हिडिओ पुन्हा डिलीट करायला येईल, इतका नेमाचा माणूस. चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक वगैरे अडगळ ठेवू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावू नका; वेळेत लावला तर पैसे वाटेतच गोठवले जाऊ शकतात आणि बिचाऱ्याची मेहनत वाया जाते. पोलिसांत तर नकोच, आपल्यावरच समलिंगी संबंधांचं ते जुनं कलम 377 लागेल. दोन सज्ञान माणसांचे संमतीचे खासगी संबंध हा गुन्हा नाही, असं सुप्रीम कोर्टानं 6 सप्टेंबर 2018 ला सांगून टाकलं, पण दिल्लीची गाडी आपल्याकडं लेटच येते. गुन्हा आहे तो खंडणीचा: भारतीय न्याय संहिता, कलम 308, सात वर्षांपर्यंत कैद. हे त्याला पाठ असतं. तुम्हाला कशाला हवं?

मग दोन दिवसांनी "सायबर क्राइमचे साहेब" केस मिटवायला फोन करतील, अस्खलित हिंदीत. बेळगावचा पोलीस, आणि कन्नड नाही, मराठी नाही, थेट हिंदी! शंका घेऊ नका. राष्ट्रीय एकात्मता समजा.

गेल्या पावसाळ्यात माझ्या फौजीला मी सहज विचारलं होतं, "कितव्या गेटाजवळ असतोस रे?" टिळकवाडीतलं शेंबडं पोरही पहिलं, दुसरं की तिसरं ते सांगतं, रेल्वेच्या त्या फाटकांपाशी आमचं निम्मं आयुष्य गेलंय. उत्तर आलं:

"मेन गेट, डियर."

तरी ब्लॉक करायला मला दोन दिवस लागले. दंड फारच चांगले होते.