घर गहाण टाकून रॅली ड्रायव्हर होत नाही

परवा रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा मेसेज आला : "दादा, हे वाच आणि खरं काय ते सांग. हे उद्या बँकेत जाणार आहेत." 'हे' म्हणजे तिचा नवरा, अजितराव. खाली मुलाला रॅली ड्रायव्हर करण्याबद्दलचा एक लांबलचक फॉरवर्ड. इंग्लंडातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर तो महिनाभर फिरतोय, मला आजवर चार जणांकडून आला होता आणि चारही वेळा मी न वाचता पुढे सरकलो होतो. तो माझ्याच भाच्यापर्यंत, अर्णवपर्यंत, पोचेल असं वाटलं नव्हतं.

फॉरवर्डचा सारांश असा. फॉर्म्युला वन हा श्रीमंतांचा खेळ; रॅली, म्हणजे बंद केलेल्या रस्त्यांवर घड्याळाशी लावायची मोटार शर्यत, हा सामान्यांचा. कॉलिन मॅक्रे प्लंबरचा मुलगा, एल्फिन इव्हान्स वेल्सच्या खेड्यातला, सेबास्टियन ओजिए स्कीइंग शिकवायचा. तिघंही अव्वल वर्गात पोचले. मुलाच्या हातात वेग असेल तर गाडीवाली कंपनी त्याला शोधत येते. तेव्हा दोन वर्षं घरावर कर्ज काढा, तिसऱ्या वर्षी पगार सुरू. आणि नाहीच जमलं तर व्हिडिओ गेम खेळूनही संघात जाता येतं.

मी उत्तर वेल्समध्ये राहतो. गेली अकरा वर्षं सुट्टीच्या दिवशी नारिंगी जाकीट घालून जंगलातल्या स्टेजवर, म्हणजे रॅलीच्या वेळ मोजल्या जाणाऱ्या टप्प्यावर, सुरक्षा बघणारा मार्शल म्हणून उभा राहतो. गाडी कधी चालवली नाही, पण बिलं कोण भरतं ते खूप जवळून पाहिलंय.

आधी कर्जाचंच बोलतो, कारण बाकीचं चुकलं तर फक्त माहिती चुकते, इथे घर जातं.

"तिसऱ्या वर्षी पगार." कोण देणार? जागतिक रॅलीच्या सगळ्यात वरच्या वर्गात आज तीन संघ आहेत : टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्डच्या गाड्या पळवणारा एम-स्पोर्ट. एका रॅलीत या वर्गाच्या गाड्या मिळून दहाच्या आसपास. म्हणजे अख्ख्या जगात दहाएक खुर्च्या, त्यातल्या काही अशा की ड्रायव्हरला स्वतःचे पाठीराखे घेऊनच बसावं लागतं. त्याखालच्या वर्गात बहुतेक पोरं पगार घेत नाहीत, पैसे भरून गाडी चालवतात. दोन वर्षं भाड्याची गाडी पळवलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला महिन्याचा पगार देणारी कंपनी मला अकरा वर्षांत एकदाही दिसलेली नाही.

कर्जाचे पैसे कसे जातात तेही सांगतो. एका पावसाळी शनिवारी माझ्या ठाण्यासमोरच एक फोर्ड फिएस्टा गाडी डाव्या वळणावर आत कापायला गेली आणि कापलेल्या झाडाच्या बुंध्यावर बसली. ड्रायव्हर आणि शेजारी बसून मार्ग वाचून दाखवणारा को-ड्रायव्हर, दोघंही धडधाकट बाहेर आले. ड्रायव्हर पोरगा एकोणीस-वीसचा. हेल्मेट न काढता तो चिखलात पालथा पडला आणि मागच्या चाकाखाली टॉर्च मारून बघायला लागला. संध्याकाळी गाडी ओढून दुरुस्तीच्या तळावर आणली तेव्हा बाप तिथे उभा होता. त्याने मुलाला एकच विचारलं, "वाकलंय की तुटलंय?" वाकलेलं ठोकून सरळ करता येतं, तुटलेलं विकत घ्यावं लागतं. गाडी भाड्याची होती. भाड्याच्या करारात नुकसानीची एक ठरलेली रक्कम आधीच अडकवून ठेवलेली असते आणि तिथपर्यंतचा प्रत्येक पार्ट तुमच्या खिशातून जातो. घराच्या गाडीचा विमा स्टेजवर चालत नाही. बाप मोबाइलवर त्या करारातली ओळ वाचत होता आणि मुलगा शेजारी ओल्या हातमोज्यांनिशी उभा होता. पुढच्या रॅलीत ती जोडी आली नाही. नंतरही कधी दिसली नाही.

आणि ते पोरगं वेगवान होतं बरं का. त्या दिवशी आपल्या वर्गात ते पुढेच होतं.

प्रवेश फी, टायर, पेट्रोल, रेकीसाठी, म्हणजे मार्ग आधी पाहून ठेवण्यासाठी, वेगळी गाडी आणि आदले दोन दिवस, को-ड्रायव्हरचा प्रवास आणि मुक्काम, व्हॅन, मेकॅनिक. हे सगळं गाडी सुरू होण्याआधीचं. कर्जाचा हप्ता मात्र रॅली बघत नाही. अजितराव, तुम्ही हे वाचणार आहात म्हणून सरळ लिहितो : त्या घरात माझी बहीण आणि तुमची धाकटी मुलगीही राहते.

आता "वेग असेल तर कंपनी शोधत येते". याला उत्तर म्हणून एकच नाव पुरेसं आहे : क्रिस इन्ग्रम. मँचेस्टरचा मुलगा. २०१९ मध्ये तो युरोपियन रॅली विजेता झाला. त्याच्याआधी हा किताब जिंकणारा ब्रिटिश ड्रायव्हर विक एल्फर्ड, साल १९६७. बावन्न वर्षांनी हा मान मिळाला. आणि त्याच हंगामात पैसे संपले म्हणून इन्ग्रमला लोकांकडे ऑनलाइन वर्गणी मागावी लागली होती. युरोपचा किताब लढवणारा ड्रायव्हर पुढच्या रॅलीला जायचं की नाही हे लोक दहा-वीस पौंड टाकतात का यावर ठरवत होता. शेवटची रॅली हंगेरीत, निकाल अगदी शेवटच्या स्टेजवर, टायर फुटलेला असताना लागला. कंपनीने शोधत यायचं असतं तर त्या रात्री यायला हवं होतं. त्यानंतरही वरच्या वर्गात कंपनीच्या संघाची गाडी त्याला मिळाली नाही. मॅट एडवर्ड्स घ्या. २०१८, २०१९ आणि २०२१, तीनदा ब्रिटिश विजेता. त्यालाही नाही.

बरं, कंपनी आली तरी ती टिकते असंही नाही. उत्तर आयर्लंडच्या क्रिस मीकने २००९ मध्ये आयआरसी ही आंतरराष्ट्रीय मालिका जिंकली, २०११ मध्ये त्याला मिनीची गाडी मिळाली. २०१२ च्या सुरुवातीला मिनीची मालक असलेल्या बीएमडब्ल्यूने हात आखडता घेतला आणि मीकची जागा गेली. पूर्ण हंगाम परत मिळायला २०१४ आणि सिट्रोएन उजाडावं लागलं.

पूर्वी चित्र वेगळं होतं हे मान्य. रिचर्ड बर्न्स २००१ चा जगज्जेता. त्याच्या घरात कुणी रॅलीवालं नव्हतं. रेडिंगच्या क्रेव्हन मोटर क्लबमधल्या डेव्हिड विल्यम्स यांनी त्याच्यातला ड्रायव्हर ओळखला आणि गाडीसाठी खिशात हात घातला, तिथून तो वर गेला. म्हणजे तिथेही कुणीतरी पैसे भरलेच. शिवाय तेव्हा सुबारूचा संघ बॅनबरीतून, मित्सुबिशीचा रग्बीतून, ह्युंदाईचा मिल्टन कीन्समधून आणि फोर्डचा कंब्रियातून चालायचा. सिगारेट कंपन्यांचा पैसा खेळात होता. आज टोयोटाचा संघ फिनलंडमध्ये, ह्युंदाईचा जर्मनीत, इथे उरला एकटा एम-स्पोर्ट. देशातली जागतिक रॅलीसुद्धा २०१९ नंतर झालेली नाही, मग इथल्या प्रायोजकाने आपलं नाव गाडीवर कुणाला दाखवण्यासाठी लावायचं?

तिघांच्या गोष्टी. मॅक्रे प्लंबरचा मुलगा हे खरं आहे. पण तो प्लंबर म्हणजे जिमी मॅक्रे, पाच वेळचा ब्रिटिश रॅली विजेता! इव्हान्स खेड्यातला हेही खरं, डोल्गेथ्लायचा. वडील ग्विंडाफ इव्हान्स, १९९६ चे ब्रिटिश विजेते, गावात फोर्डची डीलरशिप. आणि एवढं सगळं पाठीशी असूनही एल्फिनला २०१६ मध्ये वरच्या वर्गातून खाली उतरवलं होतं. तेव्हा तो ब्रिटिश मालिकेत येऊन लढला, वडिलांनंतर वीस वर्षांनी तोच किताब घेतला आणि मग परत वर गेला. मला त्याच्याबद्दल प्रचंड आदर आहे. वेल्सच्या जंगलात २०१७ मध्ये तो जिंकला तेव्हा मी तिथेच होतो, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडलो होतो. म्हणूनच त्याच्या नावाने कुणी आईबापांना फसवलं की डोकं फिरतं.

ओजिएचं उदाहरण तर फॉरवर्डच्या बरोबर उलटं जातं. तो २००५ मध्ये फ्रेंच मोटरस्पोर्ट महासंघाच्या 'रॅली ज्यून' या निवड स्पर्धेतून पुढे आला. तिथे स्वतःची गाडी लागत नाही. ठरलेल्या गाडीत, ठरलेल्या मार्गावर वेळ लावायची, जो जिंकेल त्याचा पुढचा खर्च उचलला जातो. ओजिएने घर गहाण टाकलं नाही, महासंघाने त्याच्यावर पैसा लावला आणि २००८ मध्ये तो ज्युनिअर जगज्जेता झाला. सेबास्टियन लोब हा इलेक्ट्रिशियन याच स्पर्धेतून नजरेत आला. आद्रियां फूर्मो वैद्यकीय शिक्षण घेत होता, तोही इथूनच आला. ब्रिटनमध्ये या तोडीची, तितक्या मोठ्या दाराची व्यवस्था नाही. लोब आणि ओजिए यांचे मिळून अठरा किताब, आणि इकडे २००१ नंतर शून्य. गुणवत्ता काय इंग्लिश खाडीच्या पलीकडे, फ्रान्समध्येच जन्माला येते?

खरी वाट कुठे दिसते तर आयरिश समुद्राच्या पलीकडे. जॉश मॅकअर्लीन आणि जॉन आर्मस्ट्राँग, दोघंही उत्तर आयर्लंडचे, एम-स्पोर्टच्या वरच्या वर्गातल्या गाडीत पोचले ते डब्लिनच्या मोटरस्पोर्ट आयर्लंडच्या रॅली अकादमीच्या जोरावर. तिच्यामागे जॉन कॉइन या उद्योजकाचा पैसा आहे. २०२३ चा ज्युनिअर जगज्जेता विल्यम क्रायटनही त्याच अकादमीचा. फॉरवर्डमध्ये या अकादमीचा एक शब्द नाही, बँकेचा मात्र आहे.

व्हिडिओ गेमचा मुद्दा आर्मस्ट्राँगवरूनच उचललाय. त्याने २०१८ मध्ये रॅलीची ई-स्पोर्ट्स स्पर्धा जिंकली होती, खरंय. पण तो त्याआधीपासून खऱ्या गाडीत रॅली करत होता, आणि गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करून पोट भरत होता.

राहिलं "रॅली सामान्यांची". सुरुवातीपुरतं हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने का होईना मान्य करतो. इथे चौदाव्या वर्षापासून मुलं हजार सीसीच्या जुन्या मायक्रा-आयगोसारख्या गाड्यांत, बंद विमानतळांवर, शेजारी जाणता को-ड्रायव्हर बसवून रॅली करू शकतात. छान खेळ आहे, आणि नोकरदार आईबापांना ओढाताण करून झेपतो. पुढची शिडी मात्र चढी आहे. रॅली-थ्री या मधल्या वर्गाच्या गाडीच्या किमतीला लाखभर युरोची मर्यादा, त्यावरच्या रॅली-टू वर्गाची गाडी दोन लाखांच्या वर. २०२७ पासून वरच्या वर्गाची गाडी स्वस्त करणार म्हणून कौतुक चाललंय, ती "स्वस्त" गाडी ३ लाख ४५ हजार युरोंपर्यंत.

अर्णव सोळा वर्षांचा आहे. काल फोनवर मी त्याला विचारलं, पेस नोट्स, म्हणजे को-ड्रायव्हर वाचून दाखवतो ती वळणांची टिपणं, वाचता येतात का? म्हणाला, "मामा, मला चालवायचंय, वाचायचं नाहीये." मी म्हटलं, आधी दुसऱ्याच्या गाडीत डाव्या बाजूला बसून वाच, तिथे खर्च कमी, शिकणं जास्त, आणि लोक ओळखायला लागतात. रविवारी तो माझ्याबरोबर येतोय, माझं जुनं जाकीट त्याला होतंय का बघायचंय. अजितरावांनी बँकेची वेळ रद्द केली की नुसती पुढे ढकलली, ते बहिणीने अजून कळवलेलं नाही.